ॲलॉयचा कूलर आणि तीन रोझऱ्या

आमच्या ॲलॉयइतका खोटारडा माणूस ओमानमधल्या या अख्ख्या सोहार शहरात शोधून सापडणार नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, पाठीमागे नाही. तो बघा, बसलाय तिकडे, हसतोय.

ॲलॉयसियस माझा नवरा. आम्ही दोघं वसईचे. इथे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो बॉयलर सांभाळतो, एकवीस वर्षं झाली. मार्चमध्ये रिटायर होतोय, मग आम्ही कायमचे वसईला. पण त्याला कामाचं विचारा, तर बॉयलरचं नाव नाही. आधी हे सांगेल की तरुणपणी तो एका बिअरच्या कारखान्यात होता, तळोज्याच्या बाजूला, सात वर्षं. सांगताना छाती अशी फुगते की बघत राहावं.

इथे घरी बिअर करणं म्हणजे गुन्हा, आणि ॲलॉय तर रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा माणूस. म्हणून त्याने अर्धीच विद्या उचलली. जवाला मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, जाडसर भरडायचे, गरम पाण्यात तासभर मुरवायचे आणि त्यातलं गोड पाणी काढून घ्यायचं. कारखान्यात यानंतर यीस्ट पडायचं. आमच्याकडे आलं, लवंग आणि इथलं काळं सुकं लिंबू पडतं. उकळायचं, गाळायचं, थंड करून बाटल्या भरायच्या आणि तीन दिवसांत संपवायच्या. चौथ्या दिवशी बाटली उरली, तर तो स्वतः ती बेसिनमध्ये ओततो. दर नाताळला चाळीस बाटल्या व्हायच्या आणि ओळखीच्या सगळ्या घरी जायच्या.

खालच्या मजल्यावर फरिदा राहते, रत्नागिरीची. तिच्या नवऱ्याचं, जाफरभाईंचं धान्याचं दुकान आहे, जव तिथूनच येतात. पहिल्या वर्षी तिने बाटली नाकाशी धरून विचारलं होतं, "अगो, यात तसलं काय नाय ना?" मग जाफरभाई स्वतः येऊन सगळं बघून गेले. तेव्हापासून पहिली बाटली त्यांच्याच घरी जाते.

सगळी खुबी आहे ती जव धुण्यात. पिकनिकला नेतात तसला मोठा निळा कूलर, त्याला खाली नळ, आत स्टीलची जाळी आणि जाळीवर मुरलेले जव. पहिलं पाणी गढूळ येतं, ते स्वच्छ होईपर्यंत हळूच परत वर ओतायचं. ते गोड पाणी काढलं तरी जवाच्या अंगात साखर राहतेच, ती धुऊन काढायची. वरून झाऱ्यावरून गरम पाणी, खालून बारीक धार. जितकं जाईल तितकंच वर घालायचं, जव उघडे पडता कामा नयेत, आणि ढवळायचे तर मुळीच नाहीत. घाई केली की थर दाबून बसतो आणि नळ तुंबतो. उकळतं पाणी ओतलं, किंवा हावरटासारखं धूतच राहिलं, की सालीचा तुरटपणा उतरतो.

बिअरच्या कारखान्यातल्या फोरमनने त्याला धारेचं माप शिकवलं होतं. माळेतली एक 'नमो मरिया' प्रार्थना म्हणून होईपर्यंत अर्धा पेला भरला पाहिजे. झालं! माझ्याबरोबर संध्याकाळी रोझरीला, माळ जपायला बसायचं म्हटलं की साहेबांचे गुडघे दुखतात, पण कूलरपुढे पाटावर सलग तीन रोझऱ्या. मी म्हणायचे, "अरे, मरियामातेला एव्हाना जव धुवायला येत असतील."

तिसऱ्या रोझरीला तो नळाखाली चमचा धरायचा. चाखायचा, डोळे मिटायचा, पुन्हा चाखायचा. आणि एकदम "खलास!" करून नळ बंद. आमची कॅरल लहान होती तेव्हा त्या एका ओरडण्यासाठी दारात पेला घेऊन उभी असायची. तेव्हा एकच खोली होती. कूलर मांडला की पाय ठेवायला जागा नाही, खिडक्यांवर वाफ, आणि घरभर भाजक्या पावाचा वास. किती बरे दिवस होते ते! आता कॅरल मस्कतजवळ अल खौदला राहते, स्वतःच्या संसारात. फोन केला की अजून विचारते, "मम्मा, पप्पाने खलास केलं का?"

मी मात्र वीस वर्षांत त्या कूलरला हात लावला नाही. क्लिनिकच्या रिसेप्शनवर दिवसभर लोकांशी बोलून डोकं उठतं, घरी येऊन स्वयंपाक करायचा, त्यात हा पसारा कोण करणार?

तर गेल्या नाताळला पाणी बिघडलं. सगळ्यांनी "थँक यू अंकल, मस्त" म्हटलं. फरिदा तेवढी खरं बोलली. "लिनेट, रागवू नको, पण यंदाचं घशाला धरतंय गो." मी प्यायले, तर तुरटपणाने जीभ नुसती आखडली. ॲलॉयला सांगितलं तर म्हणे, जवच वेगळे होते. मी विश्वास ठेवला.

यंदा डिसेंबर लागला तरी जव भिजेनात. विचारलं तर, "नको यंदा. कंबर धरते." आमचा इथला शेवटचा नाताळ, आणि याची कंबर धरते! फरिदा दोनदा विचारून गेली, कॅरल रोज फोनवर विचारते, आणि हा आपला भिंतीकडे बघतोय.

एका शुक्रवारी मी कोळंबीचं कालवण करत होते आणि कॅरलचा फोन आला. बोलता बोलता मीठ घालायचंच राहिलं. ॲलॉय आधी जेवायला बसला. दोनदा भात घेतला, बोटं चाटली, म्हणाला, "छान झालंय." नेहमीसारखंच. मग मी पहिला घास घेतला.

"ॲलॉय, यात मीठ नाही."

त्याने मान खाली घातली.

"कधीपासून?"

"कोविडचा ताप आला होता ना, तेव्हापासून. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणाले येईल. आली नाही."

दोन वर्षं! दोन वर्षं या माणसाने माझ्या ताटातला प्रत्येक घास माती खाल्ल्यासारखा गिळला आणि रोज "छान झालंय" म्हणाला. मी इतकी भडकले की वाटी आपटली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू दिवसभर राबून येतेस आणि उभी राहून रांधतेस," तो म्हणाला. "तुला कसं सांगू, की मला काही कळत नाही म्हणून?"

मग मलाच रडू आलं. तोही रडला. गेल्या वर्षी त्याने नुसत्या रोझऱ्या मोजून नळ बंद केला होता. "आता पुन्हा बिघडलं," तो म्हणाला, "तर इथले लोक आपल्याला त्या तुरट बाटलीवरून आठवतील, लिनेट. एकवीस वर्षांचं एवढंच राहील."

"साखर मोजायची नळी मिळते ना काचेची?"

"ती साखर मोजते. तुरटपणा जिभेलाच कळतो."

"मग माझी जीभ काय भाड्याने दिलीय? यल्ला, चल, जव भिजव."

नाताळच्या तीन दिवस आधी कूलर मांडला. तो पाटावर, मी शेजारी खुर्चीवर. पाणी त्याने थर्मामीटर लावून घेतलं. वर झारा त्याच्या हातात, खाली चमचा माझ्या. रोझरी दोघांनी मिळून म्हटली, गुडघ्यांचं नाव निघालं नाही.

"कसं लागतंय?" त्याने विचारलं.

"गोड."

"गोड काय! गोड कसं?"

काय सांगू? मी पुन्हा चाखलं. "पावाची कड असते ना, खरपूस, ती चावून चावून गोड लागते. तसं."

त्याने डोळे मिटले. "हां," म्हणाला. "तेच."

दुसऱ्या रोझरीत मी म्हटलं, पातळ होतंय. तिसऱ्या रोझरीत मी दर मण्याला चाखायला लागले. आत्ता थांबवलं तर बाटल्या कमी, उशीर केला तर गेल्या वर्षीचीच गत. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. माळेच्या शेवटच्या दहा मण्यांत जिभेच्या कडेला काहीतरी लागलं, उकळलेली चहापत्ती परत उकळावी तसं.

"खलास!" मी एवढ्याने ओरडले की त्याच्या हातातला झारा पडला. त्याने नळ बंद केला.

चौतीस बाटल्या झाल्या. पहिली घेऊन मीच खाली गेले. फरिदा दोन घोट प्यायली, तिसरा घेतला. "ह्या बघ, ह्याला म्हणतात," ती म्हणाली आणि जाफरभाईंसाठी ठेवायची बाटली माझ्यासमोर संपवली. वर येऊन ॲलॉयला सांगितलं, तर तो कूलर पुसत होता. पुसतच राहिला, तोंड फिरवून.

नाताळला कॅरल आली. जेवायला बसलो, ॲलॉयने विंदालूचा घास घेतला आणि सवयीने म्हणाला, "छान झालंय."

"गप बस, खोटारड्या," मी म्हटलं. माझी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि एक घास खाल्ला. "व्हिनेगर जरा जास्त झालंय. लसूण गोड लागतोय. आणि तिखट मागाहून येतं, घशाशी."

तो हातातला घास तसाच धरून ऐकत होता. "परत सांग," म्हणाला. मी परत सांगितलं, आणि मग तो जेवला.