धार नसलेला पंप

आमच्या घरी स्विमिंग पूल आहे हे असोद्यात सांगायची मला अजून लाज वाटते. गावात त्याला हौदच म्हणतात. केळीला बरा भाव मिळाला त्या वर्षी नवऱ्याला ती हौस सुचली. पोहायला आमच्यात कोणालाच येत नाही. पण डॉक्टरांनी सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं आणि त्या सहावारी नेसून खरोखर चालू लागल्या. काही महिन्यांत जिनाही चढू लागल्या.

घात केला विजेच्या बिलाने. हौदाचा पंप सासऱ्यांनी, नानांनी निवडला होता. पाच हॉर्सपॉवर, विहिरीला शोभेल असा. तेच पाणी गाळून पुन्हा तिथेच आणायला एवढा राक्षस. एका संध्याकाळी नानांनी जाहीर केलं, "अजून एक असं बिल आलं ना, का मी याच्यात माती भरतो. केळी लावू." अक्का गुडघा चोळत बसल्या.

मी कागद घेतला. पाणी किती, पाइप केवढा, फिल्टर किती झेपतो, सगळं लिहिलं आणि जळगाव गाठलं. दोन दुकानदार म्हणाले, "वहिनी, भाऊंना पाठवा." ते यादीतून कटाप. तिसऱ्याकडे वेग कमी-जास्त करता येणारा पंप होता. वेग निम्मा केला की वीज निम्म्याहून पुष्कळच कमी लागते, फक्त जास्त वेळ चालवायचा. शिवाय जोरात ढकललेलं पाणी फिल्टरच्या वाळूतून कचऱ्यासकट निसटतं. जोर हवा तो फिल्टर धुताना. घेतला.

आमच्याकडे नवी मोटर म्हणजे समारंभ. नारळ फुटतो, शेजारी जमतात, धार किती लांब पडते ते बघून मोटरीची लायकी ठरते. नानांनी याही पंपाला शेजारी बोलावले. नारळ फुटला. मी बटण दाबलं. पाणी किंचित थरथरलं. बस.

"नाना, लाइट गेली वाटते," एक शेजारी म्हणाला.

"धार कुठी आहे?" नानांनी मला विचारलं.

"धार नाही म्हणूनच बिल कमी येईल."

"धार नाही तर पंप कायचा व? मच्छर बी यापेक्षा जास्त आवाज करतो!"

शेजारी खोबरं खाऊन हसत गेले. ते हसू नानांना फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते गुपचूप वेग वाढवायचे, मी कमी करायचे. मी पंपावर 'हात लावू नये' अशी पाटी लावली. नानांना ती परक्यांसाठी वाटली.

मग एका सकाळी अक्का पाण्यात असतानाच नानांनी पूर्ण वेग दिला. भिंतीतल्या झोताने अक्का दोन पावलं ढकलल्या गेल्या, साडी फुग्यासारखी वर आली. मी धावले. तोवर त्या सावरल्या होत्या आणि नानांवर कडाडत होत्या, "धार पाहाची हौस आहे तर विहिरीवर जा! मले इथी चालू द्या. आन् माती टाकायची आहे ना? आधी मले बाहेर काढून दाखवा!"

वेग कमी करायचं बटण नानांना ठाऊक नव्हतं, ते मला विचारावं लागलं.

पुढचं बिल निम्म्याच्याही खाली आलं. नानांनी ते हौदाकाठी उभं राहून वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली.

"मीटर बिघडलं असीन," ते म्हणाले.

"बिघडू द्या," अक्का पाण्यातून म्हणाल्या. "दुरुस्त करू नका."