वेदीपुढं ठेवलेली गिटार

हन्नाबाईंच्या निम्म्याच पोळ्या झाल्या होत्या. उरलेली कणीक झाकून त्या उठल्या, कारण त्यांचे यजमान कृपादानभाऊ दारात स्कूटरचा हॉर्न दाबत होते. झालेल्या प्रत्येक पोळीवर आडव्या रेघा. गिटारच्या दांड्यावर पितळी पट्ट्या बसवायला भाऊंनी हातोडीऐवजी लाटणं वापरलं होतं. लाटण्याला खाचा पडल्या, पोळीला रेघा.

भाऊंचा जन्म साखर कारखान्यात फिटर म्हणून गेला. निवृत्तीनंतर माणसं देवाकडं वळतात, भाऊ मोबाईलवरच्या व्हिडिओंकडं वळले. चर्चनं मोडीत काढलेलं सागवानी बाक त्यांनी घरी आणलं, कापलं, घासलं. तारांखालचं चुंबक पार्सलनं आलं. वर्षभर हन्नाबाईंची इस्त्री, दाभण आणि चांगली सुरी गिटारच्या सेवेत होती. गिटार झाली मात्र देखणी. वाजवता भाऊंना येत नव्हती, तेवढं राहून गेलं होतं. पण नाताळात ती चर्चमध्ये वाजावी आणि ‘कृपादानभाऊंनी घडवली’ असं पाळकांनी सर्वांसमक्ष सांगावं, यासाठी त्यांचा जीव आसुसला होता.

त्या दिवशी चर्चमध्ये सुगीचा सण. लोकांनी पहिलं पीक देवाला वाहायचं आणि प्रार्थनेनंतर चर्चसाठी त्याचा लिलाव व्हायचा. वेदीपुढं भोपळे, उसाच्या मोळ्या, पाय बांधलेल्या कोंबड्या.

"अहो, मागं बाकावर ठेवा," हन्नाबाई म्हणाल्या.

"मागं कोण बघतंय?" म्हणत भाऊंनी गिटार थेट भोपळ्याला टेकवली.

प्रार्थना झाली, लिलाव सुरू झाला. कोंबड्या गेल्या, भोपळे गेले. मग लिलाव पुकारणाऱ्या सॅम्युएलनं गिटार उचलली.

"ती माझी हाय," भाऊ उठले. "नुसती आशीर्वादाला ठेवली हुती."

"देवापुढं ठेवलेलं माघारी न्हेत न्हाईत, फिटरसाहेब. तुमीच चर्चच्या कमिटीत शिकवलंय आमाला. बोला, बोली बोला."

भाऊ बोलले. सत्तरीच्या सिल्व्हियाबाई त्याहून वर चढल्या. पुन्हा भाऊ, पुन्हा बाई. पैशाची पिशवी हन्नाबाईंच्या मांडीवर होती. भाऊंनी तिकडं पाहिलं. हन्नाबाईंनी गीताचं पुस्तक उघडलं आणि त्यात डोकं घातलं.

गिटार सिल्व्हियाबाईंची झाली.

"माझ्या सासऱ्यांनी चर्चला दिलेलं बाक व्हतं ते," बाई म्हणाल्या. "वाजवून दाखव, कृपादान."

भाऊ घाम पुसत राहिले. बाईंनी गिटार मांडीवर घेतली, तारा जुळवल्या, स्पीकरची वायर जोडायला लावली. मिशनच्या वसतिगृहात शिकलेलं त्यांच्या बोटांत शाबूत होतं. साऱ्या चर्चनं उठून गीत म्हटलं. भाऊ मात्र नुसते आपल्या पट्ट्यांकडं बघत होते.

"नाताळात मी वाजवीन," बाई म्हणाल्या. "आन् केली कोणी, ते बी सांगीन. पण पट्टी हलली तर ते हन्नानं सांगितलेलं लाटणं घेऊन यायचं, हातोडी न्हाई."

घरी आल्यावर हन्नाबाईंनी रेघांच्या पोळ्या वाढल्या. भाऊंनी त्या खाल्ल्या, हात धुतले आणि स्कूटरची किल्ली घेतली.

"कुठं निघालात?"

"बाजारात. तुला नवं लाटणं आणायला."