माळीसाहेबांची मोकळी जागा

माळीसाहेबांना फुलझाडांच्या वाफ्यांचा मनस्वी तिटकारा. बागा आखणाऱ्या माणसाने हे तोंडावर सांगावं म्हणजे कमालच! परदेशी शिकून आलेले, मोठमोठ्या आवारांचे आराखडे काढलेले लँडस्केप आर्किटेक्ट; पण मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना माळीसाहेबच म्हणत. त्यांचीही ना नव्हती.

ऐंशीच्या सुरुवातीला इमारत उभी राहिली, तेव्हा आवार त्यांनीच आखलं. भर उन्हात टोपी घालून उभे राहायचे आणि इमारतीची सावली सरकेल तशी फक्कीने रेघ ओढायचे. आम्हाला वाटलं, खो-खोचं मैदान होतंय. शेवटी झालं काय, तर कडेला दोन करंज, त्यांच्याखाली कडाप्प्याचे सरळसोट बाक आणि मधे नुसती फरशी. ना कारंजं, ना सिमेंटचा बगळा.

सेक्रेटरी राणेंच्या डोळ्यांत ती फरशी खुपायची. "साहेब, पाहुणे विचारतात, बागेचं काम कधी सुरू होणार?"

"झालं की. जागा भरायची नसते राणे, राखायची असते."

"पण कशासाठी?"

"लग्नासाठी आणि मयतासाठी. तुमच्या जिन्यात तिरडी वळत नाही, बघितलंत कधी?"

भर मीटिंगमध्ये! राणे एकदम मालवणीवर आले. "अहो, मयताची गोष्ट कित्याक काढतास?"

पुढे दरवर्षी राणे कारंज्याचा ठराव आणायचे आणि माळीसाहेब तो हाणून पाडायचे. माणूस हट्टी, थोडा तुसडाच. बाकावर कुणी तुळशीची कुंडी ठेवली तरी उचलून जिन्यात नेऊन ठेवत. मग ते आजारी पडले. त्या वर्षी मीटिंगला नव्हते आणि ठराव झाला पास. विटा येऊन फरशीच्या मधोमध पडल्या.

त्याच आठवड्यात, दुपारच्या वेळी, हॉस्पिटलातून त्यांना आणलं. जिना अरुंद, घर तिसऱ्या मजल्यावर. सगळे खालीच खोळंबले. राणे पुढे झाले आणि एकेक वीट उचलून भिंतीकडे नेऊ लागले. कुणी हात लावायला गेलं की म्हणत, "राहू दे रे, माझं मी करतो."

करंजाच्या सावलीत तिरडी ठेवली. सगळी सोसायटी खाली उतरली होती, बाहेरचेही बरेच होते. कुणाला उन्हात उभं राहावं लागलं नाही. इतकी वर्षं मी त्या रेघांना हसत आलो होतो. मला रडू आवरेना.

राणेंनी हार घातला, वळून एकदा सगळीकडे पाहिलं आणि खाली वाकून म्हणाले, "साहेब, मावले हो सगळे."