दोंगसिकसाठी लाल कालवण

सॉमजिन नदीकाठच्या त्या गावात कुणाचं जेवण बिघडलं की नवरे हमखास म्हणायचे, "जा, मालसूनकडून शिकून ये." मालसूनच्या हाताला चव होती आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे शेजारणींना ती फारशी आवडायची नाही. बाविसाव्या वर्षी ती पे घराण्यात सून म्हणून आली. तेव्हापासून वर्षाला आठ श्राद्धं तिने एकटीने रांधली. कधी काही मोजून घातलं नाही. विचारलं तर म्हणायची, "हाताला कळतं."

नवरा दोंगसिक नदीवर मासे धरायचा आणि घरी आला की त्याला त्याच माशांचं मिरचीपूड घातलेलं, लालभडक कालवण लागायचं. घाम पुसत, नाक ओढत तो तीन वाट्या रिचवायचा आणि वर म्हणायचा, "आज जरा कमीच झालंय तिखट." मालसून म्हणायची, "तुमची जीभ आहे की चामडं?" चाळीस वर्षं त्यांचा संसार असाच चालला.

मग दोंगसिकची मूत्रपिंडं बिघडली. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तिखटही. मालसूनने हे डॉक्टरांपेक्षा जास्त मनावर घेतलं. त्याला एकट्याला अळणी वाढून आपण चवीने कसं जेवायचं, म्हणून दोन वर्षं तीही अळणीच जेवली. दोंगसिक भांडला, रुसला, एकदा तर वाटी सरकवून म्हणाला, "हे जेवण आहे की भांडी धुतलेलं पाणी?" शेवटी शेवटी भांडायचंही त्राण उरलं नाही. एका सकाळी त्याने हळूच लाल कालवण मागितलं, "एक चमचा दे. नुसता रस्सा."

"बरे व्हा, पातेलंभर करते."

चौथ्या दिवशी तो गेला. तो एक चमचा मालसूनच्या घशात कायमचा अडकला. दिला असता तर काय झालं असतं? चार दिवसांचे तीन झाले असते. एवढंच ना?

वर्षश्राद्धाला ती पहाटेच बाजारातून ताजे मासे घेऊन आली. वडे, भाज्या, तांदळाच्या वड्या, सगळं तिने सून मिरानवर, मुलगा चांगहोच्या बायकोवर, सोपवलं. कालवणाला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. मुळा, लसूण आणि मूठभर मिरचीपूड घालून दुपारभर चुलीपाशी बसून राहिली. चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. गेलेल्या माणसाआधी त्याचं जेवण जिभेला लावायचं नाही, हे तिला सासूने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

सगळ्यांना परत जायचं असतं, म्हणून हल्ली श्राद्ध मध्यरात्रीऐवजी संध्याकाळीच उरकतात. थोरले दीर वोनसिक ताटं मांडायला बसले आणि ती लाल वाटी बघून त्यांचा हात थांबला.

"चांगहोच्या आई, हे काय? लसूण, मिरची? अहो, याने आत्मे पळतात. तो उंबरा तरी ओलांडेल का?"

"ओलांडतील, भावोजी. याच्यासाठी तर ते येतील."

"रीत म्हणून काही आहे की नाही?"

"जिवंतपणी मी नाही म्हटलं," मालसून म्हणाली. "आज परत नाही म्हणायला लावू नका मला."

ऐंशीचे वोनसिक जन्मभर रीतीला धरून चाललेले. त्यांनी वाटी उचलली. मग पुटपुटले, "तसाही हा गाढव कधी कुणाचं ऐकायचा नाही." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वाटी भाताशेजारी ठेवली.

नमस्कार झाले. भातात चमचा उभा रोवून सगळे बाहेर ओसरीवर आले, दार ओढून घेतलं. जेवणाऱ्याला नऊ घास निवांत घेता यावेत एवढा वेळ थांबायचं असतं. मालसून दाराला कान लावून उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं. जेवताहेत, तिला खात्री होती. आत येतोय हे जेवणाऱ्याला कळावं म्हणून वोनसिक तीनदा खाकरले आणि सगळे आत गेले. निरोप देऊन झाला, ताटांमागे लावलेला दोंगसिकच्या नावाचा कागद अंगणात जाळला, आणि घरची माणसं प्रसादाला बसली.

वोनसिकनी कालवणाचा पहिला घोट घेतला. थांबले. मग मान खाली घालून भराभर जेवू लागले. चांगहोनेही तेच केलं. मिरानला मात्र राहवलं नाही. "आई, यात मीठ..."

"गप जेव!" वोनसिक ओरडले.

मालसूनने चमचा तोंडात घातला. तिखट होतं, खूप तिखट. पण मीठ नव्हतं, सोया सॉसचा थेंब नव्हता. त्याच्यासाठी रांधताना दोन वर्षं जे हात मिठाकडे गेले नाहीत, ते आजही गेले नव्हते.

ती धडपडत उठली, बरणीतून मूठभर मीठ घेतलं आणि पातेल्यात टाकून ढवळत सुटली. "झालं, आता झालं बघा. भावोजी, त्यांना परत बोलवा ना. दूर गेले नसतील."

वोनसिकनी डोळे पुसले. "आता पुढच्या वर्षीच, चांगहोच्या आई."

"पण आजसुद्धा मी त्यांना आजाऱ्याचंच वाढलं हो," मालसून म्हणाली आणि पातेल्यापाशी खाली बसून लहान मुलासारखी रडू लागली.