प्लास्टरमास्तरांचा अंगठा

हाड मोडलेल्या माणसाला धीर देण्यात प्लास्टरमास्तरांचा हात धरणारं त्या हॉस्पिटलात कोणी नव्हतं. तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी त्यांची खोली. आत एक सिंक, पट्ट्या भिजवायची बादली, कापसाचे गठ्ठे आणि फरशीवर असा पांढरा थर, की नव्या पेशंटला आपण चुकून गिरणीत शिरलो असं वाटावं. कोणी शिडीवरून पडलेला असो नाहीतर झोपेत पलंगावरून, मास्तरांचं बोलणं ठरलेलं. शेवटची पट्टी चापूनचोपून बसवली की ते तर्जनी उगारायचे.

"पडलं ते पडलं. आता हलवायचं नाही!"

"पण मास्तर, आत खाज सुटली तर?"

"सुटणारच. खाज म्हणजे आत काम चालू आहे. हलवायचं नाही!"

दुसऱ्यांच्या हाडांच्या बाबतीत असा हा संयमाचा पुतळा. स्वतःच्या पैशांच्या बाबतीत मात्र पुतळ्याला पाय फुटायचे. बाजार जरा घसरला की मास्तरांचे हात शिवशिवायला लागत. मागच्या पडझडीत त्यांनी म्युच्युअल फंडात साठवलेलं सगळं एका दुपारी, एका मुलाच्या कोपराला पट्टी गुंडाळता गुंडाळता, विकून टाकलं होतं. पुढच्याच आठवड्यात बाजार असा उसळला, की जणू मास्तर बाहेर पडायचीच वाट बघत बसला होता.

त्या पैशांवर त्यांच्या बायकोचा जीव होता. ती घरात शिवणक्लास चालवायची. घरात म्हणजे बाहेरच्या खोलीत, आणि बाहेरची खोली म्हणजे घरातली जवळजवळ एकुलती एक खोली. मशिनींच्या मधून मास्तरांना जेवायला आडवं चालत जावं लागे. एकदा त्यांच्या शर्टाची बाही एका विद्यार्थिनीने परकराच्या काठाला शिवून टाकली होती आणि मास्तर कामावर निघाल्यावरच ते दोघांच्याही लक्षात आलं. कोपऱ्यावर एक गाळा होता. दोन-तीन वर्षांत पैसे वाढले की तो घ्यायचा, क्लास तिकडे न्यायचा, असं ठरलेलं. मागच्या विक्रीने ते दोन-तीन वर्षांचं गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं.

"आता जे जमवू, त्याला हात लावलात तर बघा," ती तेव्हा म्हणाली होती. नुसती म्हणून थांबली नाही. तिने फंडाच्या अ‍ॅपचा पिन बदलला आणि स्वतःजवळ ठेवला. पण ते अ‍ॅप मास्तरांच्या उजव्या अंगठ्यानेही उघडतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मास्तरांना होतं. त्यांनी ते सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नव्हतं.

आणि मग बाजार पुन्हा पडायला लागला.

आधी साडूबुवांचा फोन आला. साडूबुवा पाण्याचे पंप विकायचे आणि उरलेल्या वेळात जगाला सल्ला द्यायचे.

"मास्तर, बघताय ना? नुसता चिखल झालाय!"

"बघत नाहीये," मास्तर म्हणाले. ते बघत होते.

"मी तर सगळं काढून मोकळा झालो. आज झोप कशी गाढ लागली! तुम्ही काय पुतळ्यासारखे बसलाय? काढा, काढा!"

फोन ठेवला तेव्हा मास्तरांचा अंगठा आपोआप अ‍ॅपवर गेला होता. अ‍ॅप उघडलं. तांबडा आकडा दिसला. खाली 'विका' असं लिहिलेलं बटण होतं, चांगलं पेढ्याएवढं. मास्तरांनी अंगठा उचलला. गाळा डोळ्यांसमोर आला, गाळ्याच्या दारात बायको आली, आणि बायकोच्या हातात कापडकापाची मोठी कात्री होती.

त्यांनी फोन खिशात टाकला, खोलीचं दार लावलं आणि आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेला इलाज पहिल्यांदा स्वतःवर केला. डाव्या हाताने कापूस गुंडाळला, पट्टी भिजवली, आणि मनगटापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत उजवा हात प्लास्टरमध्ये घालून टाकला. अंगठा कायमचा वर.

डाव्या हाताने केलेलं काम ते. उकडलेल्या बटाट्यातून गाजर बाहेर आल्यासारखं दिसत होतं. मोठ्या सिस्टरनी बघताक्षणी कपाळावर हात मारला.

"कुठल्या गाढवाने घातलंय हे?"

मास्तरांची कारागिरी आतल्या आत कळवळली. "होता एक," ते म्हणाले.

"आणि झालं काय?"

खोटं बोलायचं मास्तरांच्या जिवावर आलं. खरं बोलायचं तर त्याहून. "बाजारात पडलो," ते म्हणाले. म्हटलं तर दोन्ही झालं.

घरीही त्यांनी हेच सांगितलं. बायकोने चपला घातल्या आणि तडक भाजीबाजार गाठला.

"ही इथे केळ्यांची सालं टाकता ना तुम्ही? आमच्या ह्यांचा अंगठा मोडला! उद्या मान मोडली असती तर?"

भाजीवाला गरीब माणूस. त्याने हात जोडले. त्या दिवसापासून तो तिला प्रत्येक खरेदीवर दोन टोमॅटो वर घालू लागला. मास्तर ते टोमॅटो मान खाली घालून खात.

बाजार काही थांबायला तयार नव्हता. मास्तर आता अ‍ॅप उघडू शकत नव्हते. पण बातम्या बघायला अंगठा लागत नाही. हॉस्पिटलात तर सगळे त्यांचंच वाक्य त्यांच्यावर उलटवू लागले. एक म्हातारे पेशंट, गुडघ्याला मास्तरांचंच प्लास्टर, त्यांनी विचारलं, "काय मास्तर, खाज सुटते का?"

"फार हो."

"सुटणारच!" म्हाताऱ्याने बोट उगारलं. "हलवायचं नाही!"

मग तो दिवस आला. सकाळपासूनच बाजार धाडकन कोसळला. साडूबुवांचा आवाज फोनमधून बाहेर सांडत होता. "मास्तर, राहिलंय ते तरी वाचवा! उद्या गाळा सोडा, गाळ्याची पायरी येणार नाही!"

पायरी म्हटल्यावर मास्तरांचा तोल गेला. ते मोठ्या सिस्टरकडे धावले. "हे कापा! आत्ताच्या आत्ता!"

"डॉक्टरांची सही?"

"माझंच प्लास्टर आहे!"

"मग तुमचाच नियम आहे." सिस्टरनी भिंतीकडे मान केली. तिथे मास्तरांच्या सुबक अक्षरात पाटी होती : सहीशिवाय प्लास्टर कापले जाणार नाही, रडलात तरी. "आणि डॉक्टर आधी एक्स-रे मागतील हं. काढायचा?"

डाव्या हाताने करवत चालवायची हिंमत नव्हती, आणि धडधाकट अंगठ्याचा एक्स-रे डॉक्टरांच्या पुढे जाणार या कल्पनेनेच मास्तरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घरी क्लास ऐन रंगात होता. मशिनींची घरघर चालली होती. मास्तर आडवे चालत न्हाणीघरात शिरले, बादलीत कढत पाणी सोडलं आणि हात आत बुडवून स्टुलावर बसले. प्लास्टर पाण्यात मऊ होतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण एवढं जाड गुंडाळलेलं प्लास्टर सुटायला किती वेळ लागतो, हे मात्र आज कळत होतं. डाव्या हाताने ते सोलत होते, पाणी दुधासारखं पांढरं होत होतं, आणि खिशातला फोन साडूबुवांच्या नावाने थरथरत होता.

शेवटी अंगठा बाहेर आला. मास्तरांनी तो शर्टाला पुसला आणि फोनवर टेकवला.

'अंगठा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

त्यांनी पुन्हा टेकवला. जोर लावून टेकवला. फुंकर मारून टेकवला. मग उजेडात धरून बघितलं. इतके दिवस कापसात कोंडलेला आणि वर तासभर पाण्यात भिजलेला अंगठा सुकलेल्या अंजिरासारखा सुरकुतला होता. तो मास्तरांचा आहे हे मास्तरांनाच पटेना, तर फोनला काय पटणार?

'फार वेळा प्रयत्न केलात. पिन टाका.'

पिन दाराबाहेर उभा होता. म्हणजे ज्या बाईकडे पिन होता ती.

"अहो, आत काय चाललंय? कोणाशी बोलताय?"

"अंगठ्याशी," मास्तर म्हणाले, आणि आता काही झाकण्यात अर्थ नाही हे कळून त्यांनी दार उघडलं.

तिने बादली बघितली. फोन बघितला. पांढऱ्या चिखलाने माखलेले मास्तर बघितले. मागे साऱ्या मशिनी एकदम थांबल्या.

"हाताला काही झालंच नव्हतं?"

"नाही."

"मग प्लास्टर कशाला?"

मास्तरांनी खाली बघतच सगळं सांगितलं. अंगठ्याने अ‍ॅप उघडतं ते, साडूबुवांचं, 'विका' बटणाचं. "मला राहवत नव्हतं गं. म्हणून बांधून ठेवला. आज तेही राहवलं नाही."

तिने मास्तरांच्या हातातला फोन काढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी त्या भाजीवाल्याला फुकट झापलं?"

"हो."

"आणि टोमॅटो?"

"ते परत करावे लागतील."

पहिल्यांदा मागच्या मशिनीवरची मुलगी फिस्सकन हसली. मग बायकोचे खांदे हलायला लागले. हसू आवरल्यावर तिने स्टूल स्वतःकडे ओढलं. "पट्ट्या आहेत घरात?"

"आहेत."

"द्या इकडे. आणि सांगा कशा गुंडाळायच्या. डोळ्यांनी बघवत नव्हतं ते आधीचं ध्यान."

तिने गुंडाळलं ते प्लास्टर असं जमलं, की कडा दुमडून टीप मारायचीच काय ती बाकी होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरनी फिरवून फिरवून बघितलं. "हा कारागीर कोण?"

"घरातलाच," मास्तर म्हणाले आणि ताठ चालायला लागले.

बाजार लगेच वर आला असं नाही. थोडा आला, पुन्हा बसला, मग कधीतरी कुणाचं लक्ष नसताना पूर्ववत झाला आणि पुढे गेला. गाळ्याला ठरल्यापेक्षा वर्षभर जास्त लागलं, पण गाळा आला. करवतीने नीट दोन भागांत कापून काढलेलं ते प्लास्टर बायकोने पुन्हा चिकटवलं आणि गाळ्यातल्या टेबलावर उभं केलं. त्या वर केलेल्या अंगठ्यावर आता मापाची टेप लटकते. नव्या विद्यार्थिनींनी विचारलं की ती सांगते, "आमच्या ह्यांचा आहे. गाळा यानेच घेतला."

परवा बाजार पुन्हा घसरला. मधे तो चढल्यावर साडूबुवाही पुन्हा आत शिरले होते. संध्याकाळी साडूबुवा हॉस्पिटलात आले, प्लास्टरच्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं आणि चेहरा पाडून स्टुलावर बसले.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"बाजारात पडलो."

मास्तरांनी पट्टी पाण्यात बुडवली. "कुठला अंगठा?"

साडूबुवांनी दोन्ही पुढे केले.