सीतादहीच्या आधी सूर निघाला पाहिजे

किटचं पार्सल कुरियरवाल्यानं अमडापूरच्या स्टँडवर पानठेल्यात ठेवलं होतं. मी ते पोटाशी धरून घरी आणलं आणि उघडायच्या आधी हुंगलंसुद्धा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नोकरीची वाट पाहत बसलेली पोरगी इतकी हरखली कशानं, हे आईला कळेना.

"काय हाये वं त्यात?"

"वाजवायचं यंत्र. पण आपलं आपण बनवायचं."

मॉड्युलर सिंथेसायझर हे नाव तिला सांगून काय उपयोग! एक डबा सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा लहानमोठा करतो. वायरींनी वाटेल तसं जोडायचं. माझा पहिलाच डबा आला होता, सूर काढणारा, तोही सुट्या भागांत.

"बनव," बाबा म्हणाले, "पण सीतादहीपर्यंतच."

कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे बायका शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही. त्या दिवसापासून घरात कापूस येतो. भाव चढेपर्यंत तो मागच्या खोलीत आढ्यापर्यंत रचायचा, आणि माझं टेबल नेमकं त्याच खोलीत. कापसाच्या गंजीशेजारी तापलेली सोल्डरिंग गन कोण ठेवू देईल? बाबांचं खरं होतं, म्हणून तर जास्तच राग आला. आदल्या साली बोंडअळीनं बीटी बियाण्यालाही जुमानलं नव्हतं. यंदा बोंडं धड फुटली होती, त्यामुळे घरात दुसरा विषयच नव्हता.

"तुहे चाळे मंग पाहू," आई म्हणाली. चाळे! डिप्लोमा काय चाळ्यांचा केला होता मी?

मग काय, लाइट आली की मी टेबलाशी. रेझिस्टरचे रंग ओळखायचे, पाय वाकवायचे, सोल्डरचा टाका द्यायचा. टाका तांदळाच्या दाण्यासारखा चकाकला की मी एकटीच "वा गं पठ्ठे!" म्हणायची. जेवायला हाका मारमारून आई दमायची.

शेवटी वीज जोडायची वेळ आली. चपट्या वायरीच्या एका कडेला लाल रेघ. आता फवारणी पंपाची बॅटरी मी लहानपणापासून जोडत आलेली. लाल म्हणजे प्लस, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लावली रेघ प्लसकडे. बटण दाबलं आणि फट्! आठ पायांच्या चिपमधून धूर. या यंत्रांत लाल रेघ मायनसची असते. सोबतच्या कागदावर ठळक छापलं होतं, पण लाल वायरीसाठी कागद कोण वाचतं? कप्पाळ माझं! मी सरळ रडायला बसले, कारण सीतादही उद्यावर आली होती.

रडता रडता आठवलं, अशी चिप तर लग्नातल्या ॲम्प्लिफायरमध्येही असते. दुपारच्या गाडीनं चिखली गाठली. दुरुस्तीवाल्या चाचांनी भंगारातला एक ॲम्प्लिफायर पुढे सरकवला. "यातून काढून घे, बेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईसोबत शेतात दहीभात शिंपडला. ती म्हणाली, "जाय बाई घरी, तुहं ध्यानच नाही इथं." मी पळतच सुटले. चिप बसवली. डब्याची वायर घरातल्या जुन्या स्पीकरला जोडली. लाल रेघ मायनसला लावली, पुन्हा पाहिली, आणि बटण दाबलं.

घूंऽऽऽ!

भिंतीवरची पाल पळाली. निघाला! माझ्या हातानं सूर निघाला! मी खोलीभर नाचले. नाचता नाचता दारात आई दिसली, कमरेच्या ओटीत कापूस, बोटांवर बोंडांचे ओरखडे.

"हा तू काढला आवाज?"

"हो."

"सरक. मले पाहू दे."

तिनं डब्यावरचं गोल बटण हळूच फिरवलं. सूर चढला तशी दचकली, मग हसली, परत खाली आणला. एका जागी थांबवून त्याच्या जोडीनं स्वतःच गुणगुणायला लागली, वेचताना गुणगुणते तशी.

मागून बाबा आले, डोक्यावर पहिलं गाठोडं. "सरका वं, कापूस टाकू द्या खोलीत."

आईनं मानही वळवली नाही.

"ओसरीत टाका," ती म्हणाली. "इथं काम चालू हाये."