गोकुळाचा हात आणि उघडा पट्टा

कोळशाच्या खाणीत अपघात झाला की पेपरात फोटो येतो, पुढारी धावत येतात. येऊ देत, तिथं माणसं मरतात. पण आमच्या वडशातल्या धानाच्या मिलमध्ये कुणाची बोटं गेली, तुसाच्या धुळीनं कुणाची छाती भरली, तर ते म्हणे किरकोळ! वर्षाकाठी असे किती किरकोळ होतात, कुणी मोजत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी लोकांचे अर्ज लिहून देतो, म्हणून मला थोडेफार ठाऊक. गोकुळा त्यातलीच एक.

चाळिशीची बाई. बोलायला फटकळ, हसायला त्याहून मोकळी. मिलमध्ये मोटरीच्या पट्ट्याखाली सांडलेलं धान झाडायचं तिचं काम. पट्टा उघडाच फिरायचा. त्याच मिलमध्ये तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ श्रीहरी, पोती वाहायचा. आमच्याकडची रीत अशी, की भासरा दिसला की बाईनं डोक्यावर पदर घ्यायचा, त्याच्याशी बोलायचं नाही. आणि त्यानं धाकट्या भावाच्या बायकोला चुकूनही हात लावायचा नाही. बावीस वर्षं दोघांनी ही रीत पाळली.

डिसेंबरात, धानाच्या ऐन हंगामात, श्रीहरी पोतं घेऊन समोरून आला. गोकुळानं सवयीनं पदर ओढला. पदराचं टोक पट्ट्यात गेलं आणि सोडवायला घातलेला उजवा हातही गेला. श्रीहरी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं पोतं फेकलं, हात पुढे केले, आणि ते तसेच हवेत राहिले. "बायांनो, धावा वो!" म्हणून तो ओरडत राहिला. मोटर बंद करायचं बटण मिलमालक सेठच्या केबिनमध्ये, मिलच्या दुसऱ्या टोकाला. सोबत झाडणाऱ्या गुणाबाईनं धावत येऊन गोकुळाचं लुगडं फाडलं तोवर उशीर झाला होता. दवाखान्यात हात कोपराखालून कापावा लागला.

मग गावाला चघळायला विषय मिळाला. "घरचाच माणूस पाहत उभा राह्यला," असं सेठनंच पहिल्यांदा म्हटलं. चोराच्या उलट्या बोंबा! रीत वाईट आहे, मी श्रीहरीला तोंडावर सांगितलं. पण रीतीनं पट्टा उघडा ठेवला होता का? श्रीहरी अन्न टाकून बसला. ज्याला त्याला एकच सांगायचा, "माया हातानं पाप झालं."

दोन महिन्यांनी सरकारी निरीक्षक चौकशीला आले. गोकुळाबरोबर मीही केबिनमध्ये गेलो. कागद आधीच तयार होता. अपघाताचं कारण: कामगार स्त्रीचा पदर पट्ट्यात अडकला. साक्षीदार सेठचाच मुनीम. उंदराला मांजर साक्ष. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हा कागद असाच गेला असता तर चूक गोकुळाची ठरली असती आणि पट्टा तसाच फिरत राहिला असता. त्याखाली अजून सहा बाया झाडतात.

"पट्ट्यावर जाळी नव्हती?" निरीक्षकांनी विचारलं.

"होती ना साहेब. त्याच दिवशी दुरुस्तीले काढली होती," मुनीम म्हणाला.

श्रीहरी दाराशी मान खाली घालून उभा होता. गोकुळानं डोक्यावरचा पदर खाली घेतला. सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"भाऊजी, तुमी मले हात नाई लावला, त्याचा राग नाई मले. तुमच्या जागी मीबी थबकली असती. पण जाळी कोनं काढली, ते सांगा."

श्रीहरीनं मान वर केली. "म्या काढली. दिवाळीच्या आंधीच. कोंडा अटकत होता, साफ कराले अर्धा घंटा मिल बंद ठेवा लागे. सेठ म्हणे, काढून टाक. म्या पान्हा घेतला अन् काढली. मांगं गोदामात पडून हाय."

"श्रीहरी, उद्यापासून कामावर येऊ नको!" सेठ ओरडला.

"नाई येत," श्रीहरी म्हणाला. दोन महिन्यांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा धड ऐकला.

निरीक्षकांनी शिपायाला गोदामात पाठवलं. जाळी आली, कोळिष्टकांनी भरलेली. सेठ पंख्याकडे पाहत बसला. निरीक्षक कागद उलटा ठेवून नवा कागद मागणार, तोच गोकुळानं डाव्या हातानं जुना कागद पुन्हा सुलटा केला आणि 'पदर' या शब्दावर बोट ठेवलं.

"साहेब, पदर बावीस वर्सं झाले माया डोक्यावर हाय. घरी, वावरात, लग्नात, मयतीत. कुठीच हात नाई तुटला. हे खोडा. पट्टा लिवा."